पोयटा, पाणी आणि मीठ

1911-12 च्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यात गेले होते. तिथल्या एका मोठ्या टेकाडावर विटांचे ढीग होते आणि वर एका स्तूपाचे अवशेष दिसत होते. भांडारकरांनी विटा पाहिल्या, आसपासच्या लोकांशी बोलणे केले आणि आपले मत नोंदवले: विटा आजच्याच धर्तीच्या आहेत, कोरीव मातीकाम कुठे दिसत नाही, तेव्हा हे फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे गाव असावे. त्या टेकाडाचे नाव मोहेंजोदडो. दहाएक वर्षांनी राखालदास बॅनर्जींनी तिथे कुदळ घातली. 1924 साली जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला सांगितला आणि 1924-25 च्या मोसमात पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित तिथल्या उत्खननावर होते. दोनशे वर्षांचे म्हटलेले गाव साडेचार हजार वर्षांचे निघाले.

भांडारकरांचा अंदाज चुकला ही गोष्ट सांगताना लोक हसतात. पण त्यांना विटा नव्या का वाटल्या, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या नव्या वाटल्या कारण लारकान्याच्या वीटभट्टीत 1911 साली जी माती जात होती, तीच साडेचार हजार वर्षांपूर्वीही जात होती. नदीने हिमालयातून आणलेला आणि पूर ओसरताना मैदानावर टाकलेला तो बारीक गाळ होता. पंजाबातही तेच. 1850 च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग बांधताना हडप्प्याच्या टेकाडातल्या विटा काढून सुमारे शंभर मैलांच्या रुळांखाली भर म्हणून घातल्या गेल्या. कंत्राटदारांच्या लेखी त्या नुसत्या चांगल्या, पक्क्या विटा होत्या.

या मातीने एक संस्कृती पोसली, तिची घरे बांधली आणि तिचे धान्य पिकवले. याच मातीत पुढे मीठ फुटले, आणि आज त्याच संस्कृतीच्या भिंती त्या मिठाने झडत आहेत. एका मातीची ही दोन रूपे तिच्या एकाच गुणातून आली आहेत. सिंधूच्या मैदानाचा इतिहास त्या गुणाच्या बाजूने वाचला तर कालव्यांच्या काळातली एक मोठी विसर लक्षात येते. ती विसर आपल्या नीरेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातही घडली आहे.

माती कशाची बनते हे आधी पाहू. मातीचे कण जाडीप्रमाणे तीन प्रकारचे असतात. सगळ्यांत जाड वाळू, सगळ्यांत बारीक चिकणमाती आणि या दोहोंमधला गाळ. गाळाचा कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान आणि पाचशेव्या भागापेक्षा मोठा असतो. ज्या मातीत निम्म्याहून अधिक असा गाळ, थोडी वाळू आणि चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी चिकणमाती असते, तिला आपण गाळाचा पोयटा म्हणू. कोरडी असताना ही माती चिमटीत घेतली तर पिठासारखी लागते. ओली केली तर मऊ होते, पण चिकणमातीसारखी बोटांना चिकटून राहत नाही आणि तिची लांब वळीही होत नाही.

पूर येतो तेव्हा नदी आपली माती वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी टाकते. प्रवाहाचा जोर असतो तिथे वाळू पडते. पाणी काठ ओलांडून पसरते आणि मंदावते तिथे गाळ बसतो. दूरच्या खोलगट जागी, जिथे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते, तिथे चिकणमाती बसते. त्यामुळे पूरमैदानात काठाची पट्टी, मधली पोयट्याची जमीन आणि पाणथळ खोलगट असा क्रम सापडतो. शेतकऱ्याला नकाशाची गरज नसते. नांगर कुठे हलका चालतो आणि कुठे रुततो यावरून तो हे ओळखतो.

कोरड्या प्रदेशात पोयट्याला जी किंमत येते ती पाण्यामुळे. वाळूत पाणी पडले की सरळ खाली जाते. चिकणमाती खूप पाणी धरते, पण त्यातले बरेचसे इतक्या घट्ट धरते की पिकाच्या मुळांना ते ओढून घेता येत नाही. पोयटा या दोहोंच्या मधला. मीटरभर खोल पोयट्यात पिकाला घेता येईल असे पाणी साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर पावसाइतके साठते. जिथे वर्षाचा पाऊसच पंचवीस-तीस सेंटिमीटर असतो तिथे ही साठवण म्हणजे हातचे पीक. शिवाय पूर ओसरल्यावर पोयट्याला लवकर वाफसा येतो, फार मशागत लागत नाही आणि बियाणे सहज रुजते.

पोयट्यात आणखी एक गोष्ट घडते. कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून पाणी खालून वर चढते. दिव्यातली वात जशी पणतीतले तेल ज्योतीपर्यंत नेते तसेच हे. वाळूतल्या पोकळ्या मोठ्या, त्यामुळे पाणी हातभरही चढत नाही. चिकणमातीत ते उंच चढू शकते, पण इतके सावकाश की वरच्या थराला त्याचा उपयोग थोडाच. पोयट्यात ते मीटर-दीड मीटर उंचीपर्यंत आणि बऱ्यापैकी वेगाने येते. त्यामुळे वरचा थर सुकला तरी खालची ओल मुळांपर्यंत पोहोचत राहते. मातीचा हा गुण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे.

हडप्पाकालीन शेतकऱ्याने या गुणावर आपले वर्ष बसवले. सिंधू आणि तिच्या उपनद्या हिमालयातल्या बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याने उन्हाळ्यात फुगतात, श्रावण-भाद्रपदापर्यंत मैदानात पसरतात आणि पुढे ओसरतात. पाणी ओसरले की ओल्या गाळात गहू आणि जव पेरायचे, थंडीभर त्या ओलीवर ते वाढू द्यायचे आणि चैत्राच्या सुमारास कापायचे. हे आपल्या ओळखीचे रब्बीच. सिंधमध्ये अनेक वर्षे प्रशासक राहिलेले एच. टी. लॅम्ब्रिक यांनी विसाव्या शतकातही तिथल्या काठच्या जमिनीत असे पीक निघताना पाहिले होते, आणि प्राचीन शेती अशीच चालत असणार असे त्यांनी मांडले. नदीने पाणी दिले, खत दिले आणि जमीनही मऊ करून दिली. शेतकऱ्याने बी टाकले आणि राखण केली. उन्हाळी पूर येतो तेव्हा शेतात असणारी कापूस आणि तीळ यांसारखी पिके मात्र बांध घालून पुरापासून राखावी लागत. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, तो या दुसऱ्या शेतीची साक्ष देतो.

नांगराचीही साक्ष आहे. राजस्थानात घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी कालीबंगन येथे 1960 च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी उत्खनन केले. वस्तीच्या तटाबाहेर त्यांना एक नांगरलेले शेत मिळाले. ते इसवी सनापूर्वी सुमारे 2800 चे. एका दिशेच्या सऱ्या सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावर, त्यांना काटकोनात दुसऱ्या सऱ्या जवळजवळ दोन मीटर अंतरावर. त्या भागातले शेतकरी आजही एका दिशेला मोहरी आणि दुसऱ्या दिशेला कडधान्य असे मिश्र पीक अशाच अंतराने घेताना उत्खनन करणाऱ्यांना दिसले. इतक्या नाजूक रेषा पाच हजार वर्षे टिकल्या, कारण पुढच्या वस्तीचा मलबा त्यांच्यावर पडला आणि ते शेत झाकले गेले.

हीच माती घरातही होती. पोयट्याची वीट चांगली पडते. नुसत्या चिकणमातीची वीट सुकताना आक्रसते आणि तडकते, नुसत्या वाळूची उभीच राहत नाही. हडप्पाकालीन विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकास दोनास चार, आणि शेकडो मैलांच्या अंतरावरही ते पाळलेले दिसते. शेत, भिंत, रांजण, भाकरीचे धान्य साठवायची कोठी, सगळे एकाच गाळाचे.

अशा शेतीत मीठ साठले नाही का? या प्रश्नाला इराककडे पाहून उत्तर शोधायची पद्धत आहे. तैग्रिस-युफ्रेटिसच्या मैदानातही कोरडी हवा आणि नदीचा गाळ. 1958 साली थॉर्किल्ड याकोबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी मातीच्या पाट्यांवरचे जुने हिशेब वाचून मांडले की दक्षिण इराकात हजार-दीड हजार वर्षांत गहू मागे पडला, खारेपणा सोसणारे जव राहिले आणि मग जवाचेही उत्पन्न घटले. पुढे या आकड्यांवर वाद झाले. पण वर्षभर पाणी देणारे पाट आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आले की पोयटा खारवतो, हा कार्यकारणभाव वादात नाही. सिंधूच्या काठी वर्षभर पाण्याने भिजवायची रीत हडप्पाकाळात नव्हती. पुराचे पाणी वर्षातून एकदा येई. येताना ते वरचे मीठ विरघळवून खाली नेई. मग चार-सहा महिने भूजल खाली उतरे आणि जमीन सुकत असे. नदी स्वतःच जमीन धुऊन काढी.

पूर, ओसर आणि कोरडेपणा हा फेरा फार काळ चालला. सिंधच्या कल्होड्या राज्यकर्त्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत कालवे खोदले, तेही पूरकालवे होते. त्यांना नदीवर बंधारा नव्हता. नदी चढली की कालव्यात पाणी यायचे, उतरली की कालवा कोरडा. दर हिवाळ्यात गाळ उपसायला गावेच्या गावे लावावी लागत, आणि ती बहुधा वेठबिगार असे. या व्यवस्थेत पाणी बेभरवशाचे होते आणि कष्टांना अंत नव्हता. तिची गोडवे गाण्याजोगी आठवण कोणी करू नये. मात्र हिवाळ्यात कोरडा पडणारा कालवा जमिनीला उसंत देत असे, ही गोष्ट तिच्याबरोबरच नजरेआड झाली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बारमाही कालव्यांना हात घातला. पहिला धडा कर्नालला मिळाला. यमुनेचा पश्चिम कालवा मुळात फिरोजशाह तुघलकाच्या काळातला. इंग्रजांनी तो 1820 च्या सुमारास दुरुस्त करून पुन्हा वाहता केला. वीस वर्षांत कर्नालची छावणी तापाने इतकी बेजार झाली की लष्कराला ती सोडून अंबाल्याला जावे लागले. 1847 साली बेकर, डेम्प्स्टर आणि यूल यांच्या समितीने कारणांचा अहवाल दिला. डॉक्टर डेम्प्स्टर यांनी कालव्याकाठच्या गावांतल्या मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेल्या प्लीहा मोजल्या होत्या. डास आणि हिवताप यांचा संबंध कळायला अजून पन्नास वर्षे होती. तरी समितीने नेमके बोट ठेवले: कालव्याच्या बांधांनी पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडल्या आहेत आणि पाणी साचते आहे. निचरा बुजल्याचे पहिले माप मुलांच्या शरीरात सापडले.

दुसरे माप जमिनीवर दिसले. त्याच भागात शेतांवर पांढरी पूड उमटू लागली. लोक तिला रेह म्हणत, पंजाबात कल्लर. 1870 च्या दशकात सरकारने रेहसाठी समितीही नेमली. म्हणजे पंजाबातले मोठे कालवे खोदायला घेतले तेव्हा धोका माहीत नव्हता असे म्हणता येत नाही.

तरीही कालवे झाले, आणि त्यांचे यश डोळे दिपवणारे होते. 1892 साली चिनाबचा खालचा कालवा सुरू झाला. रावी आणि चिनाब यांच्यामधल्या ज्या उंचवट्याच्या माळाला बार म्हणत, जिथे गुरेपाळे फिरत आणि काटेरी झुडपे उगवत, तिथे काही वर्षांत गहू आणि कापूस उभा राहिला. ल्यालपूर, म्हणजे आजचे फैसलाबाद, हे शहर याच वसाहतीतले. बारची माती म्हणजे नदीने फार पूर्वी टाकलेला गाळच होता, पण आता पुराच्या आवाक्याबाहेर राहिलेला. त्याला फक्त पाणी हवे होते. गुरेपाळ्यांच्या चराया मात्र गेल्या, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याच मुलखात उपरे होऊन राहावे लागले.

कालवा यायच्या आधी दोआबांच्या मध्यभागी विहिरीचे पाणी पंचवीस-तीस मीटर खोल होते. कच्च्या कालव्यांतून आणि शेतांतून पाणी झिरपत राहिले आणि भूजल वर्षाला वीत-दीड वीत चढू लागले. जमिनीवर काहीच दिसत नव्हते. पिके चांगली होती, सारा वसूल होत होता. पाणी जमिनीखाली दीड-दोन मीटरवर आले तेव्हा पोयट्याने आपले काम सुरू केले. वातीने पाणी वर ओढले. उन्हाने ते उडाले आणि त्यातले मीठ वरच उरले. पंजाबी शेतकऱ्याने या दोन अवस्थांना दोन नेमके शब्द दिले. जमीन पाणावली की सेम, मीठ फुटले की थूर.

हे मीठ कुठून येते याचा हिशेब साधा आहे. कालव्याच्या पाण्यात लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धरले, तर ते पाणी चवीला गोडेच लागते. पण हेक्टरभर शेताला वर्षात मीटरभर पाणी दिले की एक कोटी लिटर होते, आणि त्यातून अडीच टन मीठ शेतात येते. पीक पाणी पिते, मीठ मागे ठेवते. खाली वाहून न्यायला वाट असेल तर हरकत नाही. वाट नसेल तर दरवर्षी अडीच टन. जमिनीच्या पोटात पूर्वीपासून असलेले क्षार चढत्या भूजलाबरोबर वर येतात ते वेगळेच.

सिंधमध्ये हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणावर झाली. तिथे पाऊस पंजाबपेक्षाही कमी, उतार जवळजवळ नाही आणि खालचे पाणी बऱ्याच भागात खारे. 1932 च्या जानेवारीत सक्कर येथे सिंधूवर बंधारा खुला झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून बंधाऱ्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव मिळाले. सहासष्ट दरवाजे, सात कालवे, सुमारे पंचाहत्तर लाख एकर लाभक्षेत्र. नदी उतरली तरी आता कालवा वाहणार होता. लारकान्याच्या बाजूला भाताची खाचरे वाढली. भाताला उभे पाणी लागते, आणि तेच पाणी झिरपून मोहेंजोदडोच्या पायाखाली गेले.

ज्या इलाख्याने सिंधूवर बंधारा बांधला, त्याच इलाख्यात नीरेचा कालवा होता. 1880 च्या दशकात भाटघरच्या धरणाबरोबर नीरेचा डावा कालवा बारामतीकडे आला. मुळात तो दुष्काळी भागाला आधार म्हणून होता. पण पाणी बारमाही मिळू लागल्यावर ऊस आला, आणि उसाबरोबर जमिनी पाणावू लागल्या. इथली माती सिंधूच्या पोयट्यापेक्षा वेगळी. नदीकाठची मळी सोडली तर बहुतेक भारी काळी, चिकणमातीची. तिच्यात पाणी हळू चढते, पण खालीही हळूच जाते, त्यामुळे निचरा आणखी अवघड. ही जमीन खारावली आणि पुढे चोपण झाली की नांगर चालत नाही आणि पाणी आत मुरत नाही. पुण्याच्या शेती कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींची पाहणी केली आणि 1910 मध्ये ती प्रसिद्ध झाली. कालवा येऊन पंचवीस वर्षे होत होती.

सिंध आणि नीरा ही दोन टोके एका माणसाच्या नोकरीत जोडलेली दिसतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. 1890 च्या दशकाच्या मध्यावर त्यांना सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम मिळाले. सिंधूचे पाणी गाळाने इतके गढूळ की ते गाळून घ्यायला मोठा खर्च येणार, आणि नगरपालिकेकडे पैसा नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी उचलले. काही वर्षांनी ते पुण्यात आले आणि नीरा कालव्यावरचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. कालव्याच्या वरच्या अंगाची गावे पाण्यात बुडत होती आणि खालच्यांना पाणी पोहोचत नव्हते. त्यांनी सुचवलेल्या गटपद्धतीत, म्हणजे ब्लॉक पद्धतीत, ठराविक गटांतच पाणी द्यायचे, गटातल्या काही हिश्शातच ऊस लावायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि हा हिस्सा आळीपाळीने फिरवायचा असे होते. सुरुवातीला बागाईतदारांचा विरोध झाला. पाणी हक्काचे असताना ते मोजून का घ्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांच्या योजनेचे मर्म असे की जमिनीला उसंत देणारा जो कोरडा हंगाम पूर्वी नदीच्या स्वभावातूनच मिळत असे, तो आता माणसाने ठरवून द्यायचा.

ही शिस्त सगळीकडे पोहोचली नाही, टिकलीही नाही. यामागे अज्ञान नव्हते. कारण हिशेबाच्या वहीत होते. कालव्याने भिजवलेल्या एकरावर सरकारला पाणीपट्टी मिळते, निचऱ्याच्या चरावर काहीच मिळत नाही. कालव्याचे उद्घाटन व्हाइसरॉय करतो, चराचे कोणी करत नाही. पाणी आणणाऱ्या कालव्याच्या डोक्याशी असलेला शेतकरी जास्त पाणी घेतो आणि मीठ उमटते ते बहुधा खालच्या सखल शेतात, दुसऱ्याच्या. अशा व्यवहारात निचरा हा नेहमी पुढच्या टप्प्याचा विषय होतो, आणि पुढचा टप्पा येईपर्यंत भूजल वर आलेले असते. कालवा म्हणजे पाणी आणणे आणि पाणी काढून नेणे. यातला पहिला अर्धा भाग बांधला की काम पुरे झाले असे मानणे, ही ती विसर.

दुसरा अर्धा भाग मागाहून बांधायला फार महाग पडतो. पाकिस्तानात 1960 च्या सुमारास रचना दोआबात क्षारनियंत्रणाचा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला आणि जमिनीखालचे पाणी उपसायला सुमारे दोन हजार ट्यूबवेल बसवल्या गेल्या. 1964 साली अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल यांच्या गटाने याच मार्गाची व्याप्ती वाढवायचा सल्ला दिला. ज्या भागात खालचे पाणी गोडे होते तिथे या उपशाचा दुहेरी फायदा झाला. भूजल उतरले आणि पिकाला जादा पाणीही मिळाले. जिथे ते खारे होते तिथे उपसलेले पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न उरला. भारतात 1969 साली मातीच्या क्षारांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली, तीही कर्नाललाच. जिप्सम घालून चोपण जमीन सुधारणे आणि क्षार सोसणारे भाताचे वाण काढणे ही कामे तिथे झाली. जिथून 1840 च्या दशकात छावणी उठली, तिथेच सव्वाशे वर्षांनी संस्था बसली.

मोहेंजोदडोला ट्यूबवेलनेही पुरते वाचवले नाही. 1950 साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पंप लावून खाली जायचा प्रयत्न केला, पण भूजलाने त्यांना थांबवले. शहराचे सगळ्यांत जुने थर आजच्या मैदानाच्या पातळीखाली, पाण्यात आहेत आणि तिथवर कोणीही खणून पोहोचलेले नाही. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून मोठे उत्खनन बंदच आहे, कारण जे उघडे पडेल ते झडते. विटांमध्ये खालून पाणी चढते, त्याबरोबर मुख्यतः सोडियम सल्फेट हे मीठ येते. दिवसा ते सुकून पूड होते, रात्रीच्या गारव्यात ओल शोषून त्याचे स्फटिक फुगतात, आणि विटेचा पापुद्रा सुटतो. 1974 मध्ये युनेस्कोने बचावाची मोहीम सुरू केली. टेकाडाभोवती विहिरी घेऊन पाणी उपसले गेले, भिंतींवर त्याच मातीचे लेप दिले गेले. लेपाने मीठ आपल्यात ओढून घ्यावे आणि लेप झडला की नवा द्यावा, असा उपाय.

भांडारकरांनी पाहिलेल्या त्या नव्या दिसणाऱ्या विटा साडेचार हजार वर्षांत झडल्या नव्हत्या, त्या गेल्या शतकभरात झडू लागल्या. त्या गाळाच्याच, म्हणून पोयट्याच्या शेतात जे होते ते त्यांच्यातही होते. भट्टीत भाजल्याने तिच्यातली वात मेली नाही. शेतात मीठ फुटले तर शेतकरी दुसरे पीक घेऊन पाहतो, जिप्सम टाकतो, नाही जमले तर शहर गाठतो. भिंतीला यातले काहीच करता येत नाही, म्हणून तिच्यावर हा इतिहास जास्त स्पष्ट उमटतो.

कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे आता काही गावांतले शेतकरी एकत्र येऊन शेताखाली सच्छिद्र पाइप पुरू लागले आहेत. खड्डे खणायचे, पाइप जोडायचे, जास्तीचे खारे पाणी चरातून ओढ्याला सोडायचे. एकट्याने केले तर उपयोग नसतो. शेजाऱ्याच्या शेताखालून वाट मिळाल्याशिवाय पाणी पुढे जात नाही. म्हणून आधी बैठक, मग वर्गणी, मग वाटेवरून भांडण आणि शेवटी पाइप. ज्या शेतात दहा-पंधरा वर्षे पांढरी पूड आणि लव्हाळा होता, तिथे काही हंगामांनी पुन्हा पीक उभे राहते. कालव्याचा राहिलेला अर्धा भाग तो हाच, फक्त शंभर वर्षे उशिरा आणि शेतकऱ्याच्या खर्चाने बांधला जाणारा.